वाफसा

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी, गॅसवर नारळीभात रटरटत असताना, बेल वाजली. दारात सोसायटीचे वॉचमनकाका उभे. हातात बिस्किटांचा रिकामा खोका, खोक्यात जुना टॉवेल आणि टॉवेलात एक तांबूस पिल्लू. एक कान उभा, एक पडलेला.

‘‘ताई, दोन महिने झाले बरं का. तुम्ही सांगितलं होतं तसं.’’

मी खरंच तसं सांगून ठेवलं होतं. वटपौर्णिमेला सोसायटीतल्या बायका वडाला सूत गुंडाळत होत्या, त्याच दिवशी मागे ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीआड कुत्री व्याली. एक पिल्लू आमचं, असं मी तेव्हाच बोलून गेले. अट एकच, दोन महिने ते आईजवळच राहायला हवं. ज्येष्ठी पौर्णिमा ते श्रावणी पौर्णिमा म्हणजे एकोणसाठ दिवस. आठ आठवडे आणि वर तीन दिवस. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. बाजारात मात्र महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास हाती पडतात, कारण जितकं लहान तितकं गोंडस आणि जितकं गोंडस तितका भाव. त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लू भावंडांशी झोंबताना एक मोठा धडा घेत असतं: किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. माणसालाही हा धडा देता येतो. पण भावंडं तो फुकट देतात आणि चांगला देतात.

मुलानं तिचं नाव तांबू ठेवलं आणि रात्रीची जेवणं व्हायच्या आत सल्ले सुरू झाले. समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, ‘‘आत्ता काय शिकवताय? खेळू दे. सहा महिन्यांची झाली की ट्रेनर लावा.’’ नणंदेचा फोन आला, ‘‘आधी सगळी इंजेक्शनं होऊ देत, तोवर दाराबाहेर काढू नका.’’ सासूबाईंचं मत, ‘‘कुत्र्याला काय शिकवायचं? आमच्या वाड्यावरची शिकायची आपली आपण.’’

वार्तांकनाची सवय अशी सुटत नाही. मी वही घेतली आणि संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत घरात काय काय घडलं ते लिहून काढलं. पिल्लू कुंईकुंई करू लागलं, मुलानं उचललं. गप्प बसलं, कोणी लक्ष दिलं नाही. पुन्हा कुंईकुंई, पुन्हा उचललं. डायनिंग टेबलाखाली गेलं, नारळीभाताचं शीत मिळालं. सोफ्याच्या पायाशी शू केली, चौघं एकदम ओरडले. ते घाबरून सोफ्यामागे गेलं आणि पुढची शू त्यानं सोफ्यामागेच, कोणाला दिसणार नाही अशी केली.

म्हणजे शिकवायला कधी सुरुवात करायची, याची आमची चर्चा चालू होती आणि तेवढ्या वेळात तांबूचे तीन धडे पाठ झाले होते. रडलं की माणसं येतात. टेबलाखाली अन्न पडतं. आणि शू माणसांसमोर करायची नसते. तिन्ही आम्हीच शिकवले होते, तिन्ही आम्हाला नको असलेले.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. पहिली लस टोचून झाल्यावर त्यांनी समजावलं ते असं. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. ती अंगात आहेत तोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, ते सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. बारा आठवड्यांनंतर रेबीजची. मधल्या काळातला मोठा वैरी म्हणजे पार्व्हो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला, त्यामुळे आजोबांच्या काळच्या कुत्र्यांना तो ठाऊकच नव्हता. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथे महिनोनमहिने टिकून राहतो. ‘‘तेव्हा तिला जमिनीवर सोडू नका,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण घरात कोंडूनही ठेवू नका.’’

या दोन वाक्यांच्या बेचक्यात बहुतेक घरं अडकतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक लॅब्रॉडॉर आहे. मोठ्या हौसेनं आणलेला, खानदानी. चार महिने पुरे होईपर्यंत त्यानं हॉल, दोन बेडरूम आणि गॅलरी एवढंच जग पाहिलं. इंजेक्शनं संपली, पट्टा लावून खाली नेला, तर लिफ्टचं दार उघडल्याबरोबर त्यानं जमिनीला पोट टेकलं. स्कूटर दिसली की गाडीखाली, मुलं दिसली की भुंकणं. मग सहाव्या महिन्यात साखळीवाला ट्रेनर आला. आज तो ‘सिट’ म्हटल्यावर बसतो, हात दे म्हटल्यावर हात देतो आणि रिक्षा जवळून गेली की थरथरतो. त्याच्या मालकांनी हलगर्जी केली असं कोणी म्हणू नये. सांगितलेलं सगळं त्यांनी काटेकोर पाळलं. फक्त त्यांना निम्मंच सांगितलं गेलं होतं.

उरलेलं निम्मं सत्तर वर्षांपूर्वीच्या संशोधनात आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी अशा पाच जातींची पिल्लं जन्मापासून वाढवून, रोज निरखून पाहिली. 1965 साली त्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. पण त्याच्या आधी, 1961 मध्ये, तिथलाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, आणि तो वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. बीगल आणि कॉकर पिल्लं एका एकराच्या उंच कुंपणाआड, आईसोबत, पण माणसाच्या नजरेआड वाढवली. खाणं कुंपणाच्या भोकातून. काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून फक्त आठवडाभर माणसात ठेवलं आणि परत सोडलं. काहींना चौदा आठवडे माणूस दाखवलाच नाही. तिसऱ्या आठवड्यातली पिल्लं माणसाकडे आपणहून आली. पाचव्या-सातव्यातली थोडी बिचकली, पण लवकर रुळली. नवव्यातल्यांना वेळ लागला. आणि चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं रानटी जनावरांसारखी झाली होती. नंतर कितीही माया केली तरी ती माणसाळली नाहीत.

तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची यादी करत असतो: हे आपलं, हे ओळखीचं, हे चालतं. त्या काळात जे यादीत चढलं नाही त्याची पुढे भीती वाटते. आणि लसीचं वेळापत्रक संपतं सोळा आठवड्यांना.

रात्री हे सगळं मी फोनवर सासऱ्यांना सांगितलं. अण्णा माण तालुक्यात एकटे राहून शेती बघतात. खरिपात ते पुण्याला येत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजे वाफसाच की.’’

*

पाऊस पडून गेल्यावर रान चिखल झालेलं असतं. तेव्हा पेरलं तर बी कुजतं. फार थांबलं तर माती वाळून ढेकूळ होते. मग बी उगवत नाही. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस असे येतात की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला तर फुटतो. तो वाफसा. ‘‘आमच्याकडं त्याला घात बी म्हणत्यात,’’ अण्णा म्हणाले, ‘‘घात चुकली की घात झाला.’’

धनगरांचं त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांच्या रानात मेंढरं बसायला यायची. वाड्यावरचं पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांच्या गर्दीतच वाढायचं. कोणी त्याला ‘राख’ असं शिकवलेलं नसायचं. मेंढरं आपली, एवढंच त्याला कळलेलं. राखण त्यातून आपोआप आली. सासूबाईंच्या ‘आपली आपण शिकायची’चा उलगडा मला तिथे झाला. वाड्यावर शिकवणी नव्हती असं नाही. सगळा वाडाच शिकवणी होता. चार्ल्स डार्विननं 1833 मध्ये दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेत, नेमकं हेच पाहून लिहून ठेवलं आहे. तिथले मेंढपाळ अगदी लहान पिल्लू आईपासून तोडत, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला धरून तिचं दूध त्याला पाजत आणि मेंढवाड्यातच त्याला लोकरीचं अंथरूण करत. मोठं झालं की ते कळपाला सोडून जात नसे.

चौथ्या मजल्यावर आमच्याकडे मेंढरं नव्हती. होता मिक्सर, कुकर, लिफ्ट, डिलिव्हरीची मुलं, आणि खाली सिंहगड रस्ता. त्यातच तिला वाढायचं होतं. तेव्हा तेच आपलं वाटायला हवं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनं 2008 मध्ये निवेदन काढलं त्याचाही रोख हाच. पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांपासूनच पिल्लांना शिकवणीच्या वर्गात नेता येतं. कारण तीन वर्षांखालचे कुत्रे संसर्गापेक्षा वागणुकीच्या तक्रारींपायी जास्त दगावतात, असं हे निवेदन म्हणतं. चावरा झाला, भित्रा झाला की आधी घर जातं, मग बहुधा जीवही.

आम्ही नवऱ्याच्या जुन्या उपरण्याची झोळी केली. रोज संध्याकाळी तांबू त्या झोळीत बसून, जमिनीला पाय न लावता, गाव बघायला निघायची. पीएमपीचा थांबा. भाजीवाल्या मावशी. शाळा सुटतानाचं फाटक. सिग्नलला थांबलेला डंपर. ओळखीच्या घरी, जिथला कुत्रा लस घेतलेला आणि शहाणा, तिथे तासभर मोकळी. प्रत्येक नव्या गोष्टीसोबत वाटाण्याएवढा पनीरचा तुकडा. नियम एकच ठेवला होता: गोष्ट दिसली, मग पनीर. आधी पनीर दाखवून गोष्टीकडे ओढत न्यायचं नाही.

नदीपात्रात श्रावणापासून ढोल पथकांचा सराव चालतो. पहिल्या दिवशी आम्ही पुलाच्या पार पलीकडे थांबलो. तिचे कान मागे गेले, पण पनीर घेतलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला उत्साह आला आणि तो पन्नास पावलं पुढे गेला. तांबूनं तोंड फिरवलं. नाकासमोर पनीर असून घेतलं नाही. हे माप मला सगळ्यात उपयोगी पडलं. खादाड पिल्लू आवडीचं खाणं नाकारतं तेव्हा ते हट्ट करत नसतं; भीतीनं त्याचा घसा आवळलेला असतो. मागे फिरायचं, पुन्हा घेऊ लागेल तिथवर. उद्या दोन पावलं कमी. ‘सवय होईल’ म्हणून ताशाच्या शेजारी नेऊन उभं केलं तर सवय होते ती भीतीची.

*

रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एका गच्चीवर पिल्लांचा वर्ग भरतो. दारात लसीचं कार्ड बघतात, चपला बाहेर, फरशी पातळ ब्लीचनं धुतलेली. त्या दिवशी सहा पिल्लं होती: दोन गावठी, एक बीगल, एक पग आणि दोन सख्खे लॅब्रॉडॉर. कोपऱ्यात अंथरलेली ताडपत्री, उघडी छत्री, दूर कुठेतरी मुद्दाम पाडलेलं स्टीलचं ताट. मला वाटलं होतं, ‘बस-ऊठ’ शिकवतील. प्रशिक्षक बाईंनी आधी आम्हालाच शिकवायला घेतलं.

माझ्या नवऱ्याला जिन्यात पाठवलं. बाकीच्यांनी ठरवलं की त्यानं येऊन तुळशीच्या कुंडीला हात लावायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तो योग्य दिशेनं वळला की बाई ‘हां!’ म्हणणार आणि एक फुटाणा देणार, बस. तो आला. कुंडीकडे वळला, ‘हां!’. दोन पावलं गेला, ‘हां!’. मग त्याला वाटलं, चालायचं आहे. तो गच्चीभर चालत सुटला. शांतता. तो थांबला, हसला, हात वर केले, खाली बसला. शांतता. दोन मिनिटांत त्याचा चेहरा लाल. ‘‘अहो, काय करायचंय ते सांगा ना!’’

‘‘तुमचं पिल्लू दिवसभर हेच म्हणत असतं,’’ बाई म्हणाल्या.

मग खेळ उलटा केला. बीगलच्या मालकिणीला जिन्यात पाठवलं आणि ती चुकली की फक्त ‘नाही!’ म्हणायचं ठरलं. चार ‘नाही’ ऐकल्यावर ती जागची हलेना. तिला आज्ञाधारक म्हणता आलं असतं; होती ती नुसती हबकलेली.

तासाभराच्या त्या खेळात शंभर वर्षांचा वाद मावला होता. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचं 1910 मधलं पुस्तक म्हणजे लष्करी शिस्तीच्या श्वान-प्रशिक्षणाचं मूळ. त्यात झटका, पट्टा, सक्ती यांना मोठं स्थान. साखळीचे झटके कोवळ्या मानेला सोसत नाहीत, म्हणून त्या परंपरेत कुत्रा सहा महिन्यांचा होईपर्यंत थांबत; समोरच्या काकांचा सल्ला तिथून आलेला आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 मध्ये लेख लिहून दाखवलं की खाऊ आणि एक टक असा आवाज एवढ्यावर कुणालाही घरी प्राणी शिकवता येतो. झटका गेला की थांबायचं कारणही जातं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इयन डनबार या पशुवैद्यानं कॅलिफोर्नियात पट्टा सोडून पिल्लांचे वर्ग सुरू केले, तेव्हापासून वय खाली आलं.

पोलिसांचे कुत्रे मोठेपणी शिकतात, हे खरं. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्रॉडॉर झंजीर पुण्यातच शिकून गेला होता. पण ते कामाचं शिक्षण, कॉलेज म्हणा. भर गर्दीत, वाहनांच्या गोंगाटात न बिचकता नाक चालवायचं, तर त्याआधीची बालवाडी झालेली असावी लागते.

आणि ‘आपण बॉस आहोत हे त्याला कळलं पाहिजे’ हे प्रकरण? त्याचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधात आहे. बंदिवासात एकत्र कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी भांडत. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं ही कल्पना घरोघर नेली आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे सत्तेची लढाई नसते. तोवर कितीतरी पिल्लांना पाठीवर पाडून, मानगूट धरून ‘बॉस’ दाखवून झालं होतं.

*

घरी परत आल्यावर आम्ही आमचीच झडती घेतली. एका क्रियेला चार शब्द निघाले. मी म्हणायचे ‘बस’, नवरा ‘सिट’, मुलगा ‘सिट डाउन’, सासूबाई ‘बैस गं बाई’. शिवाय ती भुंकली की सगळेच ‘बस कर!’ म्हणायचो, आणि तांबू इमानदारीनं बसून भुंकायची. आम्ही ‘खाली’ हा एक शब्द ठरवला. भाषा कुठलीही चालते. शब्द घरभर एक हवा.

दुसरा घोटाळा सापडायला आठवडा लागला. मी ‘ये’ म्हटलं की ती यायची. मुलगा ‘ये’ म्हणाला की थबकायची. ऐकत बसले तेव्हा उमगलं. चप्पल चावताना, पायपुसणं ओढताना आम्ही दिवसातून वीस वेळा तिच्यावर ‘ए!’ असं खेकसायचो. आपल्या कानाला ‘ये’ आणि ‘ए’ यांत भेद आहे. तिच्या कानाला एकच. निम्म्या वेळी पनीर, निम्म्या वेळी ओरडा. मग बोलावण्याचा शब्द ‘इकडं’ असा बदलला आणि त्याला सोवळं पाळलं: ‘इकडं’ म्हटल्यावर आली तर चांगलंच घडणार. अंघोळ घालायची, नखं कापायची, तर आपण उठून तिच्याकडे जायचं. शाब्बासकीही आखडली. ‘अरे वा, शाब्बास माझं बाळ ते!’ म्हणून होईतो ती उठून तिसरं काही करत असे, आणि बक्षीस त्या तिसऱ्याला पडे. ‘हां!’ आणि सेकंदाच्या आत तुकडा.

शू-शीचं गणित फ्रिजवर चिकटवलं. जितके महिने वय, त्यात एक मिळवा. दिवसा साधारण तेवढे तास कळ निघते. दोन महिन्यांची म्हणजे फार तर तीन तास, आणि झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच. गॅलरीत माती आणि हिरवळीचा ट्रे. तिथे झाली की ‘हां!’ आणि तुकडा. आत झाली तर काही न बोलता पुसायचं. ‘नाक घास त्यात’ हा सल्ला किमान पाच जणांनी दिला. त्यातून पिल्लू स्वच्छता शिकत नाही; माणसासमोर करू नये एवढंच शिकतं. तांबूचा पहिल्या रात्रीचा सोफ्यामागचा धडा पुसायला आम्हाला तीन आठवडे लागले.

चावणं मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात टाचणीसारखे असतात. चार ते सहा महिन्यांत ते पडून बेचाळीस पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. दात लागला की खेळ थांबवून हात काढून घ्यायचा, चघळायला गार गाजर द्यायचं. पण चौथ्या दिवशी मुलाच्या मनगटावर दाताचा ओरखडा उठला, रक्ताचा थेंब आला. रस्त्यावर जन्मलेलं, रेबीजची लस अजून न झालेलं पिल्लू. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि तडक दवाखाना गाठला. घरचंच आहे, एवढंसं आहे, म्हणून सोडून दिलेल्या ओरखड्यानं माणसं गेली आहेत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही. मुलाची सगळी इंजेक्शनं वेळच्या वेळी झाली.

बाकी वेळ ती झोपली. या वयात पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात आणि न झोपलेलं पिल्लू चावरं होतं, हे कळल्यावर मुलाच्या मित्रांची ये-जा आटोक्यात आली. शिकवणी दोन-तीन मिनिटांची, दिवसातून चार-पाचदा, तीही जेवणातूनच. खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच, असं सासूबाईंना वाटे. एका दुपारी भाजलेल्या चिकनचा तुकडा स्वतःच्या हातानं देत त्या म्हणाल्या, ‘‘नामदेव तर तुपाची वाटी घेऊन धावले होते कुत्र्यामागे.’’ त्या दिवसापासून वाद मिटला.

*

गणेश चतुर्थीला तांबू अकरा आठवड्यांची झाली. आरतीच्या झांजांना तिनं एकदा मान वळवली आणि मोदकाच्या ताटाकडे पाहत बसली. अनंत चतुर्दशीला सोसायटीचा गणपती निघाला तेव्हा आम्ही तिला गर्दीत नेलं नाही. गॅलरीत, मांडीवर बसवलं. खाली ढोल घुमत होते. ती पनीर घेत होती. साडेबारा आठवडे. गणपती पाण्यात जात असताना तिचाही वाफसा मावळत होता, आणि मनात मी यादी तपासत होते: रिक्षा झाली, लिफ्ट झाली, छत्री, रेनकोट, हेल्मेट, लहान मुलं, म्हाताऱ्या बायका. बरीच झाली.

दिवाळीसाठी महिनाभर आधीपासून फटाक्यांचा आवाज मोबाइलवर, पुटपुटल्याएवढा लावून सोबत जेवण दिलं. लक्ष्मीपूजनाला मधल्या खोलीत पंखा, टीव्ही, बंद खिडक्या. तरी खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ती थरथरत माझ्या मांडीत शिरली. कुरवाळलं तर भीतीला खतपाणी मिळतं, असं समजतात. तसं होत नाही. भीती ही काही कमावलेली युक्ती नव्हे. मी पाठीवर हात ठेवला. दहा मिनिटांनी तिनं पनीर घेतलं. फराळाचे डबे मात्र वरच्या फळीवर होते: बेसनाच्या लाडवातला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो, चॉकलेट आणि कांदाही विषच.

भाऊबीजेला अण्णा आले. पांढरी टोपी, धोतर, हातात घुंगरांची काठी.

तांबू दारातच अडली. मानेवरचे केस उभे, शेपूट पोटाशी, आणि आजवर कधी न ऐकलेलं, घशाच्या तळातून आलेलं भुंकणं. माझ्या यादीत धोतर नव्हतं, टोपी नव्हती, काठी नव्हती. वाफसा हा शब्द ज्यांनी दिला, तेच खरिपापायी गावात अडकून यादीबाहेर राहिले होते.

मला ओशाळल्यासारखं झालं. ‘‘अण्णा, वाफसा गेला हो.’’

त्यांनी काठी दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवली. उंबऱ्याच्या आत, तिच्याकडे पाठ करून, भिंतीशी फरशीवर बसले. टोपी काढून मांडीखाली घातली. ‘‘वाफसा गेला म्हणून रान पड टाकत्यात व्हय? ओलवायचं, दम धरायचा, पुन्हा पेरायचं. पाणी जास्त लागतं, कष्ट जास्त लागतात, इतकंच.’’ मग माझ्याकडे न बघता हात मागे केला. ‘‘ती तुमची पनीरची वाटी आण.’’

पहिला तुकडा त्यांनी पाठीमागे, लांब टाकला. तांबू गुरगुरली, पुढे झाली, उचलून मागे पळाली. दुसरा थोडा अलीकडे. अण्णा सासूबाईंशी ज्वारीच्या पेरणीचं बोलत होते. रात्री साडेनऊला शेवटचा तुकडा त्यांच्या तळहातावर होता, आणि काठी अजून बाहेरच होती.

‘‘ती उद्या,’’ अण्णा म्हणाले.